वकिली व्यवसायातील अर्थप्रेरणा : फी किती, यापेक्षा फी कशाची?

सारांश

वकिली व्यवसायात पैसा ही प्रेरणा असावी की नसावी, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो थोड्या वेगळ्या रीतीने मांडला आहे. वकिलाला फी किती मिळते यापेक्षा ती कोणत्या गोष्टीशी बांधलेली आहे, म्हणजे निकालाशी, हजेरीशी, एकूण कामाशी की मासिक वेतनाशी, यावर अर्थप्रेरणेची दिशा ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे. भारतीय कायद्याने निकालाशी बांधलेली फी निषिद्ध ठरविली. परंतु विलंबातून वाढणारी फी आणि नवोदित वकिलांचे उत्पन्न या दोन बाबींकडे त्या मानाने कमी लक्ष दिले, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : अधिवक्ता, फी, व्यावसायिक गैरवर्तन, विधी सेवा, व्यावसायिक नीती

१. प्रस्तावना

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी समाजात सर्वपरिचित आहे. या म्हणीत न्यायसंस्थेविषयी जितका अविश्वास आहे, त्याहून अधिक भीती खर्चाची आहे. दावा किती वर्षे चालेल आणि त्यावर किती पैसा खर्च होईल, याचा अंदाज सामान्य पक्षकाराला येत नाही. या अनिश्चिततेचे खापर बहुधा वकिलाच्या धनलोभावर फोडले जाते. दुसऱ्या बाजूने, वकिली हा 'उदात्त व्यवसाय' असून पैसा त्यात गौण आहे, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. या दोन्ही भूमिकांत एक समान उणीव आहे. दोन्ही भूमिका व्यक्तीच्या स्वभावाबद्दल बोलतात. व्यवसायाच्या रचनेबद्दल बोलत नाहीत.

उपजीविकेसाठी मोबदला घेणे हे प्राध्यापक, डॉक्टर, अभियंता यांच्याप्रमाणेच वकिलाच्या बाबतीतही स्वाभाविक आहे. तरीही वकिलाची स्थिती एका अर्थाने वेगळी आहे. तो अशिलाचा प्रतिनिधी असतो आणि त्याच वेळी न्यायालयाचा अधिकारीही मानला जातो. ज्याच्याकडून पैसे घ्यावयाचे त्याच्याशी एकनिष्ठ राहावयाचे, परंतु सत्य आणि न्यायप्रक्रिया यांना बाध आणावयाचा नाही, अशी ही दुहेरी बांधिलकी आहे. पैशाचा प्रश्न या दोन बांधिलकींच्या सांध्यावर उभा राहतो. म्हणून वकिलाच्या फीचे नियम हे केवळ आर्थिक नियम नसून न्यायव्यवस्थेच्या रचनेचाच भाग ठरतात.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

वकिलाने पैसे घ्यावेत काय, हा वाद प्राचीन आहे. रोममध्ये इ. स. पू. २०४ मध्ये झालेल्या सिन्सियस कायद्याने दुसऱ्याची बाजू मांडण्याबद्दल पैसे वा देणगी घेण्यास मनाई केली होती. हा कायदा व्यवहारात फारसा पाळला गेला नाही. अखेरीस इ. स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसने मोबदल्यास मान्यता देऊन दहा हजार सेस्टर्स ही त्याची कमाल मर्यादा ठरविली. संपूर्ण बंदीकडून नियमनाकडे जाण्याची ही वाटचाल पुढे अनेक देशांत पुन्हा दिसते.

इंग्लंडमध्ये बॅरिस्टरची फी ही तत्त्वतः मानधन समजली जाई. त्यामुळे ती बुडाली तरी बॅरिस्टरला न्यायालयात दावा लावता येत नसे. व्यवसाय पैशासाठी नाही, ही कल्पना अशा प्रकारे कायद्यातच गोवली गेली होती. हिंदुस्थानात मात्र आरंभापासून व्यवहाराची दृष्टी अधिक राहिली. कॉर्नवॉलिसच्या काळात १७९३ च्या विनियमाने बंगाल प्रांतातील वकिलांची नेमणूक आणि त्यांची फी या दोन्ही गोष्टी नियमबद्ध करण्यात आल्या. १८४६ च्या अधिनियमाने हा व्यवसाय वंश व धर्म यांचा भेद न करता पात्र व्यक्तींना खुला झाला आणि फी परस्परांतील कराराने ठरविण्याची मुभा मिळाली. पुढे १९२६ च्या विधी व्यवसायी (फी) अधिनियमाने ठरलेली फी वसूल करण्यासाठी दावा लावण्याचा हक्क वकिलास दिला. त्याचबरोबर निष्काळजीपणाबद्दलच्या जबाबदारीतून त्याला सूट मिळणार नाही, हेही स्पष्ट केले.

थोडक्यात, भारतीय वकिलाचा फी मागण्याचा हक्क स्वातंत्र्यापूर्वीच कायद्याने मान्य झाला होता. पुढील काळातील प्रश्न, हा हक्क कोणत्या मर्यादेत वापरावयाचा, एवढाच उरला.

३. कायद्याची विद्यमान चौकट

अधिवक्ता अधिनियम, १९६१ हा या व्यवसायाचा मूळ कायदा होय. त्याच्या कलम ३५ नुसार व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल वकिलावर शिस्तभंगाची कारवाई होते. भारतीय विधिज्ञ परिषदेने १९७५ मध्ये केलेल्या नियमांत वकिलांच्या आचरणाची मानके दिली आहेत. त्यांपैकी पैशाशी निगडित असे काही नियम येथे नोंदविणे आवश्यक आहे.

नियम ११ नुसार वकिलाने आपली व्यवसायातील प्रतिष्ठा आणि प्रकरणाचे स्वरूप यांना अनुरूप अशा फीवर काम स्वीकारावयाचे असते. नियम १८ त्याला भांडणे चेतविण्यास मनाई करतो. नियम २० नुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरविता येत नाही आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वा मालमत्तेत वाटा घेता येत नाही. नियम २२ वकिलाला, ज्या प्रकरणात त्याने काम पाहिले त्यातील मालमत्ता लिलावात विकत घेण्यास प्रतिबंध करतो. नियम ३६ जाहिरात आणि मध्यस्थांमार्फत काम मिळविणे यांवर बंदी घालतो. नियम ४६ निर्धन व्यक्तीस विनामूल्य साहाय्य देणे हे कर्तव्य असल्याचे सांगतो.

या यादीत नियम ३८ विशेष विचार करण्याजोगा आहे. अशील देण्यास समर्थ असताना, नियमांनुसार आकारणीयोग्य असलेल्या फीपेक्षा कमी फी वकिलाने स्वीकारू नये, असे हा नियम सांगतो. म्हणजे नियमांनी फीला तळ दिला आहे, छत दिलेले नाही. फी कमाल किती असावी याबद्दल नियम ११ मधील 'अनुरूप' या शब्दापलीकडे काही सांगितलेले नाही. विधी आयोगाने १९८८ मधील आपल्या १३१ व्या अहवालात न्यायदानातील वकिली व्यवसायाच्या भूमिकेचा विचार करताना फीच्या नियमनाची गरज मांडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात त्या अहवालाचा आधार घेऊन कायदेमंडळाचे या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष वेधले.

४. निकालाशी बांधलेली फी

निकालावर अवलंबून फी म्हणजे दावा जिंकल्यास मिळालेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा, हरल्यास काही नाही. भारतात हा प्रकार वकिलासाठी निषिद्ध आहे. या निषेधाचा पाया घालणारे प्रकरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये एका वकिलाने वसुलीच्या निम्म्या रकमेवर आपली फी ठरविणारा करार अशिलाशी केला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याबद्दल कारवाई केली. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले आणि १९५४ मध्ये 'जी' या अद्याक्षराने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयात असा करार व्यावसायिक गैरवर्तन ठरविण्यात आला.

या निर्णयातील युक्तिवाद सूक्ष्म आहे. दोन सर्वसामान्य व्यक्तींनी असाच करार केला असता तर तो आपोआप बेकायदेशीर ठरला नसता, हे न्यायालयाने मान्य केले. १८७६ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने राम कुमार कुंडू प्रकरणात, दुसऱ्याच्या दाव्यास पैसा पुरवून त्यातील फलात वाटा घेण्यास बंदी करणारे इंग्लंडमधील नियम हिंदुस्थानात जसेच्या तसे लागू होत नाहीत, असा निर्णय दिला होता. २०१८ मध्येही भारतीय विधिज्ञ परिषद विरुद्ध ए. के. बालाजी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वकील नसलेल्या त्रयस्थाने दाव्यास अर्थसाहाय्य करून निकालानंतर परतफेड घेण्यावर बंधन दिसत नाही, असे निरीक्षण नोंदविले. म्हणजेच सावकाराला किंवा वित्तसंस्थेला जे करता येते, ते वकिलाला करता येत नाही.

हा भेद अन्यायकारक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागील कारण वकिलाच्या दुहेरी बांधिलकीत आहे. त्रयस्थ अर्थसाहाय्यक न्यायालयापुढे उभा राहत नाही. साक्षीदार तपासत नाही. कागदपत्रे दाखल करत नाही. वकील या सर्व गोष्टी करतो. ज्याच्या हाती पुरावा मांडण्याचे काम आहे, त्याचाच निम्मा हिस्सा त्या पुराव्याच्या यशावर अवलंबून असेल, तर न्यायालयाला त्याच्या शब्दावर विसंबता येणार नाही. तडजोडीचा सल्लाही मग शुद्ध राहत नाही. अशिलाला आज मिळणारी खात्रीची रक्कम हवी असेल आणि वकिलाला मोठ्या हिश्शाची आशा असेल, किंवा नेमके याच्या उलट असेल, तर सल्ला कोणाच्या हिताचा, हा प्रश्न उरतोच.

तथापि या बंदीची दुसरी बाजूही आहे. सुनीता प्रकरण मोटार अपघातातील नुकसानभरपाईच्या दाव्यातून उद्भवले होते. वकिलाने भरपाईच्या टक्केवारीने फी मागितली आणि तिच्यापोटी धनादेश घेतला; तो न वटल्याने अशिलावर फौजदारी तक्रार करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारीची मागणी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सांगून ती तक्रार रद्द केली. निर्णय योग्यच आहे. परंतु घरातील कमावती व्यक्ती अपघातात गमावलेल्या कुटुंबाजवळ दावा लावताना रोख फी देण्याची क्षमता नसते, हेही तितकेच खरे आहे. अशा कुटुंबाला 'भरपाई मिळाल्यावर द्या' असे सांगणारा वकील हाच एकमेव मार्ग वाटतो. बंदीमुळे ही गरज नाहीशी होत नाही. ती तोंडी कराराच्या अंधारात जाते आणि तेथे टक्केवारीवर कोणाचेच नियंत्रण राहत नाही.

अन्य देशांनी या पेचातून वेगवेगळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेत अपघात व नुकसानभरपाईच्या दाव्यांत टक्केवारीची फी सर्रास चालते. मात्र फौजदारी बचाव आणि घटस्फोट अशा प्रकरणांत ती व्यावसायिक नियमांनी वर्ज्य आहे. इंग्लंडने १९९० च्या कायद्याने वाट मोकळी करून १९९५ पासून 'हरल्यास फी नाही, जिंकल्यास नेहमीच्या फीवर अधिभार' अशा करारांना मान्यता दिली आणि २०१३ पासून भरपाईतील हिश्शाच्या करारांनाही मर्यादेसह परवानगी दिली. भारताने त्यांचे अनुकरण करावेच असे नाही. मात्र बंदी आणि मोकळीक यांच्या मध्ये लेखी करार, कमाल मर्यादा आणि न्यायाधिकरणाची मंजुरी अशा पायऱ्या असू शकतात, एवढे यावरून लक्षात येते.

५. तारखेशी बांधलेली फी

निकालाशी बांधलेल्या फीची एवढी चिकित्सा झाली; परंतु विलंबाशी नकळत बांधल्या जाणाऱ्या फीची तेवढी झाली नाही. भारतातील न्यायालयांत फी ठरविण्याच्या दोन पद्धती मुख्यतः दिसतात. एक, संपूर्ण प्रकरणासाठी ठोक रक्कम, जी बहुधा हप्त्यांनी दिली जाते. दोन, प्रत्येक तारखेच्या हजेरीसाठी ठरावीक रक्कम.

या दोन्ही पद्धतींचे परिणाम परस्परविरुद्ध असतात. ठोक फी घेतलेल्या वकिलाला प्रकरण लवकर संपण्यात लाभ आहे. पण सुरुवातीलाच मोठा भाग मिळालेला असल्यास पुढील परिश्रम टाळण्याचा मोह संभवतो. हजेरीनुसार फी घेणाऱ्या वकिलाला प्रत्येक तारखेस उपस्थित राहण्याचे कारण असते. परंतु तारखा वाढल्याने त्याचे नुकसान होत नाही, उलट उत्पन्न चालू राहते. येथे कोणी जाणूनबुजून विलंब करतो, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. विलंबाची कारणे अनेक आहेत : न्यायाधीशांची रिक्त पदे, समन्स न बजावले जाणे, साक्षीदारांची अनुपस्थिती, प्रलंबित दाव्यांचा प्रचंड भार. प्रश्न एवढाच आहे की, विलंब टाळण्यासाठी झटण्याचे आर्थिक कारण या रचनेत कोणाजवळ आहे?

पक्षकारांपैकी एकाला विलंब बहुधा सोयीचा असतो. भाडेकरूला ताबा द्यावयाचा नसतो, कर्जदाराला पैसे फेडावयाचे नसतात, भाऊबंदांतील एकाकडे जमिनीची वहिवाट असते. अशा पक्षकाराच्या दृष्टीने प्रत्येक तारीख हाच विजय असतो आणि त्या तारखेची फी ही त्या विजयाची किंमत असते. दिवाणी प्रक्रिया संहितेतील १९९९ च्या दुरुस्तीने सुनावणीच्या काळात एका पक्षास तीनहून अधिक वेळा तहकुबी देऊ नये असे ठरविले. ही तरतूद २००२ पासून अमलात आली. परंतु २००५ मध्ये सेलम अधिवक्ता संघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अपवादात्मक परिस्थितीत न्यायालयाला ही मर्यादा ओलांडता येईल, असा तिचा अर्थ लावला. त्याच निर्णयात, हरणाऱ्या पक्षावर नाममात्र नव्हे तर प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास जाणारा खर्च बसवावा, असेही सांगण्यात आले. तरीही खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल संहितेच्या कलम ३५-अ नुसार द्यावयाच्या भरपाईची मर्यादा सामान्य दिवाणी दाव्यांत ३,००० रुपये एवढीच राहिली. २००९ मध्ये अशोक कुमार मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच ही मर्यादा फारच अपुरी असल्याकडे लक्ष वेधले. विलंब एवढा स्वस्त असेल तर तो विकत घेणारे मिळतातच.

या संदर्भात महात्मा गांधींच्या प्रिटोरियातील अनुभवाची नोंद घेण्यासारखी आहे. दादा अब्दुल्ला यांचा सुमारे ४०,००० पौंडांचा दावा चालू असताना दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी वाढत चालली होती आणि जिंकणाऱ्यालाही संपूर्ण खर्च परत मिळणार नव्हता. दोन्ही पक्ष एकाच गावचे आणि नात्यातले होते. गांधींनी त्यांना लवादास राजी केले. लवादाचा निर्णय दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागल्यावर, हरलेल्या तय्यब शेठचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घेण्यासही दादा अब्दुल्लांना तयार केले. पक्षकारांना जोडणे हे वकिलाचे खरे काम आहे, हा आपला निष्कर्ष गांधींनी आत्मकथेत नोंदविला आहे. मात्र या घटनेतील एक तपशील दुर्लक्षित राहतो. गांधी त्या वेळी दादा अब्दुल्लांच्या पेढीकडे ठरावीक मोबदल्यावर वर्षभरासाठी नेमले गेले होते. प्रकरण लांबले किंवा लवकर मिटले, तरी त्यांच्या प्राप्तीत फरक पडणार नव्हता. त्यांच्या नैतिक निष्ठेचे श्रेय यामुळे कमी होत नाही. परंतु त्या निष्ठेला मोबदल्याच्या रचनेचा अडथळा नव्हता, हेही मान्य करावे लागते.

आज तडजोडीला शासनाने उत्तेजन दिले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार न्यायालयातील प्रकरण लोकअदालतीत मिटल्यास भरलेले न्यायशुल्क परत मिळते. २०२३ मध्ये मध्यस्थी अधिनियमही संमत झाला. परंतु हे आर्थिक प्रोत्साहन पक्षकारासाठी आहे. तडजोड घडवून आणणाऱ्या वकिलाच्या वाट्याला येणारी गोष्ट म्हणजे पुढील तारखांच्या फीचा अंत. तडजोडीसाठी केलेल्या परिश्रमाची स्वतंत्र आणि आधी ठरलेली फी रूढ झाल्यास ही विसंगती बऱ्याच अंशी कमी होईल.

६. अशील मिळविण्याची स्पर्धा

फीइतकाच महत्त्वाचा प्रश्न, फी देणारा अशील वकिलापर्यंत कसा येतो, हा आहे. १८९१ मध्ये इंग्लंडहून परतल्यावर गांधींनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा लघुवाद न्यायालयातील पहिल्याच प्रकरणात त्यांना दलालास कमिशन देण्याचा सल्ला मिळाला. मोठमोठे वकीलही ते देतात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. ३० रुपये फीचे ते प्रकरण चालविताना उलटतपासणीस उभे राहिल्यावर त्यांना बोलता आले नाही आणि त्यांनी फी परत केली, हे सर्वज्ञात आहे. पुढे राजकोटमध्ये मात्र प्रकरणे आणून देणाऱ्या वकिलांना हिस्सा देण्याच्या प्रथेपुढे त्यांना नमावे लागले, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

सुमारे सात-आठ दशकांनंतर त्याच मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयांच्या प्रवेशद्वारांशी काही वकील येणाऱ्या पक्षकारांकडे धाव घेऊन कामे मिळविण्यासाठी झोंबाझोंबी करतात, फी पाडून एकमेकांचे अशील ओढतात, अशी तक्रार विधिज्ञ परिषदेकडे गेली. महाराष्ट्र विधिज्ञ परिषद विरुद्ध एम. व्ही. दाभोलकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये असे वर्तन व्यवसायाच्या प्रतिष्ठेला काळिमा फासणारे असल्याचे स्पष्ट केले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या निमित्ताने वकिली हा व्यापार नसल्याचे तत्त्व आग्रहाने मांडले.

हे तत्त्व मान्य करूनही एक व्यावहारिक प्रश्न उरतो. जाहिरातीस बंदी असल्याने नवख्या पक्षकाराला कोणता वकील कोणत्या प्रकारची प्रकरणे चालवितो, हे कळण्याचा अधिकृत मार्ग फार अरुंद आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता व कार्यक्षेत्र एवढी माहिती देण्यास अनुमती मिळाली. जेथे माहिती नसते तेथे मध्यस्थ निर्माण होतो आणि मध्यस्थाचा हिस्सा शेवटी अशिलाच्या फीतूनच जातो. २०२३ मध्ये अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ समाविष्ट करून दलालांच्या याद्या प्रसिद्ध करण्याची आणि यादीत नाव असताना दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा देण्याची तरतूद करण्यात आली. शिक्षेसोबत माहितीचा पुरवठा वाढविणे हाही दलालीवरील उपाय आहे.

७. प्रवेशाची किंमत

अर्थप्रेरणेची चर्चा सामान्यतः यशस्वी वकिलांच्या मोठ्या फीभोवती फिरते. व्यवसायात नुकत्याच आलेल्या वकिलाच्या बाबतीत प्रश्न लोभाचा नसून टिकून राहण्याचा असतो. सनद मिळाल्यानंतरची काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली अल्प मोबदल्यावर किंवा मोबदल्याशिवाय काढावी लागतात. ज्याच्या घरी वकिलीची परंपरा, कार्यालय आणि ग्रंथालय आहे, त्याला हा काळ परवडतो. पहिल्या पिढीतील वकिलाला तो परवडेलच असे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारी रक्कम उभी करण्यास त्यांचे मित्र नवल भथेना यांचे साहाय्य झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या वेळी सॉलिसिटरच्या मार्फतच वकिलाकडे काम येत असे आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या वकिलाकडे काम देण्यास सॉलिसिटर राजी नसत. परिणामी दोन परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेल्या या विद्वानाला कनिष्ठ न्यायालयांतील कामांवर अवलंबून राहावे लागले आणि १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन करून संसाराला हातभार लावावा लागला. फी देणारा अशील गुणवत्ता पाहून आपोआप येतो, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही. सॉलिसिटरची ही मध्यस्थी सक्तीची ठेवणारी दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने संपुष्टात आली. परंतु ओळखीवर काम मिळण्याची पद्धत संपली, असे म्हणता येत नाही.

अलीकडे या दिशेने दोन महत्त्वाच्या घडामोडी झाल्या. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, राज्य विधिज्ञ परिषदांना सनदेच्या नोंदणीसाठी कायद्यात नमूद असलेल्या शुल्काहून अधिक शुल्क आकारता येणार नाही, असा निर्णय दिला. हे शुल्क सर्वसाधारण उमेदवारांसाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपये आहे; प्रत्यक्षात अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. त्याच वर्षी भारतीय विधिज्ञ परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस बंधनकारक नाही. तालुका न्यायालयातील ज्येष्ठ वकिलाचे स्वतःचे उत्पन्नच मर्यादित असताना ती कशी अमलात यावी, हा प्रश्न अनुत्तरित आहे. उपाशी नवोदिताकडून व्यावसायिक नीतीची अपेक्षा करावयाची असेल, तर त्याच्या पहिल्या काही वर्षांचा भार कोणी तरी उचलणे आवश्यक आहे.

८. शासनाने दिलेली फी

गरीब पक्षकाराच्या बाबतीत फी देणारा आणि सेवा घेणारा हे दोघे वेगळे असतात. एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, कैद्याला वकील मिळवून देणे आणि त्या वकिलास न्यायालय ठरवील तो मोबदला देणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३९-अ आणि १९८७ चा अधिनियम यांनी या कर्तव्यास आकार दिला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्ती यांना अधिनियमाच्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवा मिळू शकते.

या योजनेत दीर्घकाळ प्रत्येक प्रकरणासाठी पॅनेलवरील वकिलाला ठरावीक फी देण्याची पद्धत होती. ती खासगी फीच्या तुलनेत अल्प असल्याने अशी प्रकरणे खासगी कामांच्या मागे पडण्याचा संभव असे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ, मासिक मानधनावरील बचाव वकिलांची पद्धत आणली. त्यांना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. येथे मोबदल्याची रक्कम बदलली, त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोबदल्याची रीत बदलली. वकिलाच्या वेळेवर दोन प्रकारच्या अशिलांची स्पर्धा होऊ नये, हा तिचा हेतू आहे. कामाचा अतिरिक्त बोजा आणि वेतनदार नोकरशाहीची उदासीनता हे तिचे संभाव्य दोष आहेत. त्यांवर लक्ष ठेवावे लागेल.

९. फी आणि अशिलाचे संरक्षण

फी थकली तर वकिलाने काय करावे, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात दिले. फी मिळेपर्यंत बँकेच्या प्रकरणांचे कागद अडवून ठेवणारा वकील तेथे गैरवर्तनास जबाबदार ठरला. कागद हे तारण नव्हेत. ते अडविल्यास पक्षकाराचा दावाच धोक्यात येतो. थकलेली फी वसूल करण्यास कायद्याचे इतर मार्ग आहेत.

याउलट, फी घेऊन सेवा नीट दिली नाही तर अशिलाने कोठे जावे? १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय वकील संघ विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. वकिली हा अन्य व्यवसायांहून वेगळा, स्वतंत्र प्रकृतीचा व्यवसाय आहे, हे त्यामागील एक मुख्य कारण होय. वकील व्यापारी नाही म्हणून अशील ग्राहक नाही, ही संगती तर्कशुद्ध आहे. मात्र या वेगळेपणाचा लाभ घेणाऱ्या व्यवसायावर फीबाबत पारदर्शक राहण्याची जबाबदारीही त्याच प्रमाणात येते. फीची रक्कम, तिचे टप्पे आणि त्यात समाविष्ट असलेले काम यांचा दोन ओळींचा लेखी करार आणि प्रत्येक रकमेची पावती एवढ्याने अनेक तक्रारींचे मूळ नाहीसे होऊ शकते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) वकिली व्यवसायातील अर्थप्रेरणा नष्ट करण्याचे प्रयत्न प्राचीन काळापासून अयशस्वी ठरले आहेत; तिची दिशा बदलणे मात्र शक्य आहे.

(२) भारतीय कायद्याने निकालाशी बांधलेल्या फीपासून न्यायप्रक्रियेचे रक्षण केले. अपघातग्रस्तांसारख्या निर्धन दावेदारांसाठी या बंदीला न्यायाधिकरणाच्या देखरेखीखालील मर्यादित अपवाद असावा काय, याचा विचार व्हावा.

(३) हजेरीनुसार फी आणि नाममात्र खर्चाची आकारणी या दोहोंच्या संयोगातून विलंब स्वस्त होतो. टप्प्यानुसार फी, तडजोडीच्या कामाची स्वतंत्र फी आणि प्रत्यक्षाशी जुळणारी खर्चाची आकारणी हे त्यावरील उपाय आहेत.

(४) नवोदित वकिलांच्या आरंभीच्या वर्षांची आर्थिक तरतूद हा व्यावसायिक नीतीचाच प्रश्न आहे.

शेवटी अध्यापनाविषयी. विधी महाविद्यालयांत व्यावसायिक नीती हा विषय बहुधा प्रतिबंधांची यादी म्हणून शिकविला जातो आणि परीक्षेपुरता स्मरणात राहतो. त्याऐवजी फीच्या प्रत्येक पद्धतीतून कोणता मोह उद्भवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे अर्थशास्त्र, समाजशास्त्र व इतिहास यांच्या साहाय्याने शिकविता येईल. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी त्यांच्या घरातील पहिले वकील होणार आहेत. पहिली फी हातात घेण्यापूर्वी, ती आपण कशाबद्दल घेत आहोत हा प्रश्न त्यांना पडावा, इतके तरी आपल्या अध्यापनाने साधले पाहिजे.